कोकराचं गाणं आणि ताईंची कात्री

भाऊजींनी पार्लरच्या भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि त्याच खिळ्याला स्पीकर टांगला, तेव्हा ताई मागच्या दाराशी टॉवेल वाळत घालत होत्या. आत आल्यावर त्यांनी घड्याळ कुठे गेलं एवढंच विचारलं. भाऊजी म्हणाले, ड्रॉवरमध्ये ठेवलंय, नाहीतरी ते मेलं टकटक करून डोकं उठवतं, आणि प्रश्न नाताळपर्यंतचाच आहे. भाऊजींनी त्या दिवशी दुसरा खिळा ठोकला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आयता खिळा समोर असताना हातोडी शोधणाऱ्यांपैकी ते नव्हते.

ताईंना सगळा रस्ता ताई म्हणे, त्यामुळे त्यांचे यजमान आपोआपच सगळ्या रस्त्याचे भाऊजी झाले होते. त्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तसं त्यांना कोणी कशाबद्दलच विचारत नसे. उभी हयात त्यांनी लोकांच्या जिन्याखाली वाकून पाण्याची मीटरं वाचली होती, आणि निवृत्तीनंतर ते पार्लरमध्ये केस झाडायला बसत. त्यांचे स्वतःचे केस झाडण्याइतके उरले नव्हते. उजव्या कानावर वाढवलेल्या चार बटा ते टकलावरून मोठ्या कौशल्यानं डाव्या कानापर्यंत नेत. ताई अधूनमधून त्या बटांकडे बघून कात्री वाजवत आणि भाऊजी खुर्ची बदलत.

भाऊजींना वेड होतं नाताळच्या गाण्यांचं. त्यातही एकच गाणं दहा जणांनी दहा तऱ्हांनी गायलेलं असलं, म्हणजे ज्याला कव्हर म्हणतात ते, की त्यांना अन्नपाणी सुचत नसे. त्यांचं म्हणणं असं, की नाताळची गाणी मूठभर, पण गाणारे गळे हजारो, तेव्हा खरी मजा गाण्यात नसून गळ्यात आहे. हे म्हणणं कोणी पूर्ण ऐकून घेतलेलं नव्हतं. पाहुणे दुसऱ्या कव्हरला चपला शोधू लागत. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला होता. नोकरी इथेही मिळत होती, असं ताई म्हणत. आणि खुद्द ताई गाणं सुरू झालं की स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडत.

त्यामुळे, सगळ्या दुकानांत गाणी लागतात, आपलंच पार्लर सुतकात बसल्यासारखं दिसतं, असं एक गिऱ्हाईक म्हणालं आणि ताईंनी गाणी लावायला परवानगी दिली, तेव्हा भाऊजींचा आनंद गगनात मावेना. खुर्चीत बसलेली, अंगाला कापड गुंडाळलेली, अर्धे केस कापलेली बाई उठून कुठे जाणार? असा श्रोता त्यांना जन्मात मिळाला नव्हता. आठवडाभर खपून त्यांनी प्लेलिस्ट रचली. त्यांच्या सगळ्यात लाडक्या गाण्यात बर्फात हरवलेलं एक कोकरू नाताळच्या आदल्या रात्री घरी परत येतं. दर दोन गाण्यांनंतर ते कोकरू नव्या गळ्यातून परत येईल, अशी व्यवस्था त्यांनी केली. मोठ्या गायकवृंदाचं अतिसंथ कोकरू, शीळ वाजवणाऱ्याचं कोकरू, शेवटच्या कडव्याआधी बराच वेळ गप्प बसणाऱ्या एका बाईंचं कोकरू, आणि भाऊजींच्या काळजाचा तुकडा म्हणजे कारखान्यातल्या कामगारांनी रिकामी पिंपं बडवत गायलेलं कोकरू. ते घरी चालत येत नसे, उधळत येई.

पहिल्या दिवशी पहिल्या आल्या शिंपीणबाई. त्यांना फक्त कपाळावरचे केस थोडे कमी करून हवे होते. स्पीकरवर गायकवृंद सुरू झाला आणि ताईंची कात्री अशी काही चालू लागली, जणू एकेका केसाचा निरोप घ्यायचा आहे. शिंपीणबाईंना डुलकी लागली. बाक भरला, मग बायका दारात उभ्या राहू लागल्या. शेवटी एकदाच्या शिंपीणबाई उठल्या आणि शाळेतल्या बाई बसल्या. "टोकं तेवढी कापा हं," असं त्यांनी सांगितलं आणि नेमकी पिंपं सुरू झाली. पिंपं थांबली तेव्हा शाळेतल्या बाईंचे कान कित्येक वर्षांनी उजेडात आले होते. त्यांनी आरशात पाहिलं, गळ्यावरून हात फिरवून पाहिला आणि बारीक आवाजात ताईंना नाताळच्या शुभेच्छा दिल्या.

दुसऱ्या दिवशी फुलवाली आली. तिचं दुर्दैव असं, की तिची डावी बाजू संथ कोकरात आली आणि उजवी पिंपांत. डावीकडे केस खांद्यापर्यंत, उजवीकडे कानापर्यंत. ताईंनी डावी बाजू उजवीला जुळवायला घेतली तोवर गप्प बसणाऱ्या बाईंचं गाणं लागलं, आणि त्या गप्प बसताच ताईही कात्री हवेत धरून थांबल्या. फुलवालीला वाटलं, संपलं. ती उठली. तेवढ्यात शेवटचं कडवं सुरू झालं आणि कात्री खाली आली. त्यानंतर फुलवाली दुकानात डोक्याला रुमाल बांधून बसू लागली आणि कोणी विचारलंच तर सर्दी झाल्याचं सांगू लागली.

ताईंनी आधी कात्रीला दोष दिला आणि तिला धार लावून आणली. धारेनं पिंपांना आणखीच जोर चढला. मग त्यांनी डोळ्यांना दोष दिला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की नजर तरुण पोरीसारखी आहे. हे ऐकून दुसरी कोणी बाई खूश झाली असती, पण ताई पडलेल्या चेहऱ्यानं परतल्या. कात्री चांगली, डोळे चांगले, म्हणजे राहिला तो हात.

भाऊजींच्या मात्र हे फुलवालीच्याच वेळी ध्यानात आलं होतं. तिचे केस झाडताना त्यांचा पाय सवयीनं ठेका धरत होता, आणि पाहतात तर कात्रीही त्याच ठेक्यावर. गाणं संथ तर कात्री संथ, गाणं थांबलं तर कात्री थांबली. आजवर ती त्या भिंतीवरच्या घड्याळाच्या टकटकीवर चालत होती, हे ताईंनाही माहीत नव्हतं. भाऊजींचे डोळे भरून आले. जिनं आयुष्यभर नळ सोडून गाणी बुडवली, तिचा हात त्यांचं प्रत्येक कव्हर मन लावून ऐकत होता. हे सांगितलं तर स्पीकर त्याच मिनिटाला खाली उतरणार, हेही त्यांना कळत होतं. त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

उलट त्यांनी असं ठरवलं, की आपणच सांभाळून घेऊ. मोबाईल हातात घेऊन ते कोपऱ्यात बसले आणि गिऱ्हाईक बघून गाणं लावू लागले. टोकं कापायची तर शीळ, केस पातळ करायचे तर मुलांचं कोकरू, हट्टी कुरळ्या केसांसाठी बँडवाल्यांचं. पिंपं बंद. केस नीट कापले जाऊ लागले आणि बायका खूश होऊन जाऊ लागल्या. भाऊजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पार्लर आपणच चालवतोय, असंही त्यांना वाटू लागलं.

त्यातल्या पहिल्याच संध्याकाळी जेवताना ताईंनी भाऊजींना भात वाढला. मग म्हणाल्या, "अहो, आज केस बरे कापले गेले."

"मग? छानच झालं की," भाऊजी म्हणाले.

"का बरे कापले गेले ते मला कळत नाही. काल का बिघडले तेही कळलं नव्हतं. कात्री माझ्या हातात असते, पण कापतंय दुसरंच कोणीतरी असं वाटतं." त्यांनी घास खाली ठेवला. "नाताळचं तेवढं उरकते आणि पार्लर बंद करते. उद्या एखाद्या पोरीच्या कानाला लागायचं."

 भाऊजींनी पाणी प्यायलं, आणखी पाणी प्यायलं, आणि नाताळ झाला की सगळं सांगून टाकायचं ठरवलं. ताईंचा रडवेला चेहरा त्यांना दिसत होता, त्याचं वाईटही मनापासून वाटत होतं. पण अजून त्यांची कितीतरी कव्हरं लागायची राहिली होती. माणूस वाईट नसतो, त्याला फक्त श्रोते हवे असतात.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी गायनबाई आल्या. रात्री चौकात गायकवृंदाचा कार्यक्रम होता आणि तो त्या चालवणार होत्या. गाणारांना त्यांचा चेहरा दिसे आणि उरलेल्या सगळ्या गावाला कार्यक्रमभर त्यांचं मागचं डोकं. म्हणून मागचे केस नीट झाले पाहिजेत, पुढच्यांचं मी बघून घेईन, असं त्यांनी बसता बसता बजावलं. ताईंनी कात्री दोनदा पुसली. भाऊजींनी शीळ लावली, कात्री सुरळीत चालू लागली आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात मुलाचा फोन आला, शीळ थांबली आणि कात्रीही. वर्षातून एकदा येणारा फोन न घेऊन कसं चालेल? भाऊजी बाहेर जाऊन बोलले, आशीर्वाद दिले, आणि फोन बंद करताना त्यांचं बोट कुठेतरी भलतीकडे लागलं. आतून पिंपांचा आवाज आला. काचेतून त्यांना दिसलं ते असं, की ताईंची कात्री गायनबाईंच्या मानेवरून उधळत वर निघाली होती. मोबाईलवर काय दाबावं ते त्यांना सुचेना. ते आत धावले, स्पीकरला दोन्ही हातांनी धरलं आणि असा ओढला, की खिळ्यासकट भिंतीचा पोपडा खाली आला.

पिंपं थांबली. कात्री हवेत थांबली होती.

"तुझा हात गेलेला नाही," भाऊजी धापा टाकत म्हणाले. "आधी तो घड्याळाच्या टकटकीवर चालायचा, आता माझ्या गाण्यांवर चालतोय. गाणं पळतं तसा तो पळतो."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"फुलवालीपासून."

"म्हणजे मी डोळे तपासून आले तेव्हा माहीत होतं."

"हो."

"आणि त्या दिवशी जेवताना?"

भाऊजींनी मान खाली घातली. बाकावरच्या बायकांनीही घातली, पण त्यांना हसू दाबायचं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, असं शिंपीणबाई शेजारणीच्या कानात म्हणाल्या.

"भांडण नंतर करा," गायनबाई म्हणाल्या. "आधी माझं डोकं पुरं करा."

ताईंनी कात्री उचलली, पण शांततेत हात हलेना. घड्याळ ड्रॉवरमधून काढलं, तर त्यातले सेल भाऊजींनी दाराच्या दिव्यांच्या माळेत घातले होते, आणि माळ कालच विझली होती. स्पीकर जमिनीवर पडून खुळखुळत होता. गायनबाईंचं मागचं डोकं अर्ध्यावर उभं होतं आणि सगळ्या बायका भाऊजींकडे बघत होत्या.

भाऊजींनी घसा खाकरला आणि कोकराचं गाणं स्वतःच म्हणायला सुरुवात केली. डोकं उठवणारी ती टकटक त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती, त्याच चालीनं ते गात राहिले. आवाज जिन्याखालच्या पाइपासारखा होता. कोकरू घरी पोचेल याची कोणाला खात्री वाटत नव्हती. पण ताईंचा हात हलला, मग ओळखीच्या वाटेवर आल्यासारखा चालू लागला, आणि कोकरू दारात पोचलं तेव्हा मागचं डोकं पुरं झालं होतं. गायनबाईंनी मागे आरसा धरून पाहिलं. केस नेहमीपेक्षा आखूड होते आणि नेहमीपेक्षा देखणेही.

"भाऊजी, सूर तुमच्या आसपास कुठेही नाही," जाताना त्या म्हणाल्या. "पण लय पक्की आहे."

ताई दिवसभर भाऊजींशी अक्षर बोलल्या नाहीत. भाऊजी गात राहिले आणि त्या कापत राहिल्या. संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर भाऊजींनी नवे सेल आणले, दुसरा खिळा ठोकला आणि घड्याळ जागेवर लावलं. स्पीकर त्यांनी गुपचूप पिशवीत टाकला.

"बसा," ताई खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या.

भाऊजी बसले. ताईंनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, घड्याळातले सेल काढून बाजूला ठेवले आणि कात्री घेतली. "आज कापायचेच आहेत. लावा एक गाणं. तुमच्या आवडीचं."

भाऊजींनी मोबाईल काढला. संथ कोकरू लावलं असतं तर रात्रभरात एखादी बट गेली असती आणि बाकीच्या वाचल्या असत्या, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी आरशात आपल्या चार बटांकडे शेवटचं पाहून घेतलं. पण ताईंनी आवडीचं गाणं विचारण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि अशा वेळी माणसानं खोटं बोलू नये. त्यांनी पिंपं लावली आणि डोळे मिटले.

गाणं संपलं तेव्हा डोक्याला गार वारा लागत होता. ताईंनी मानेवरचे केस झटकले, कापड सोडलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"अहो, हे आणखी कोणी गायलंय का?"

"गायलंय की," भाऊजी टकलावरून हात फिरवत म्हणाले. "पण आता कापायला काही उरलं नाही."

"कात्री मी कधीच खाली ठेवलीय," ताई शेजारच्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "लावा."