गोजराबाईसाहेबांचे बंदुकीस माशी बसविली त्याची हकिकत

वनदेवी साक्ष. ऐकणारांचे कान शाबूत असोत आणि सांगणारीची जीभ आज तरी आवरती असो, कारण जे सांगावयाचे ते आठवले की अजून अंगाची लाही होते. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पक्ष, ते समयी एका राज्यात गोजराबाईसाहेब गादीवर विराजमान होत्या. राज्याचे नाव घेत नाही; घेतले की तेथील मंडळी रुसतात. बाईसाहेबांचे वय पन्नाशीपलीकडे, शरीर स्थूल, स्वभाव मायाळू, आणि हाती कैलासवासी सासऱ्यांची खटक्याची बंदूक. तिची तऱ्हा ऐसी की मुठीखालचा खटका खाली ओढून वर दाबिला की रिते काडतूस बाहेर उडे आणि नवी गोळी आपसूक चढे. आणि राज्याचा शिरस्ता ऐसा की ज्या जनावराने रयतेचे माणूस फाडिले त्याचा बंदोबस्त गादीवरील धन्याने स्वहस्ते करावा, आणि जनावर निसटले तर बंदूक पुढील वारसाचे हाती द्यावी आणि बंदुकीमागे गादीही जावी. पुढील वारस म्हणजे बाईसाहेबांचे धाकटे दीर जोत्याजीराव, ज्यांस मिशांस पीळ देण्याखेरीज दुसरा उद्योग ठाऊक नव्हता.

ते साली नदीकाठच्या मळ्यांत एक एकटे सुळेवाले डुक्कर उतरले आणि त्याने रताळी खणणाऱ्या एका लेकुरवाळीची मांडी फाडिली. बाईसाहेब स्वतः तिच्या खोपटात गेल्या, तिचे लेकरू मांडीवर घेऊन बसल्या आणि डुक्कर मी मारीन ऐसे तिला वचन देऊन आल्या. वचन दिले खरे, परंतु त्यांस बंदुकीची माशी दिसत नव्हती. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो लहानसा काळा खुंट, जो मागल्या खाचेत धरून नेम साधावा लागतो. काळे डुक्कर, काळी माशी आणि सांजवेळ, तिन्ही एकात एक मिसळून जात. ही गोष्ट साऱ्या दरबारास ठाऊक होती, परंतु बोलावयाची नाही. गादीवरील माणसाच्या देहात उणे काढणे हा तेथे अपराध. थोरल्या सरकारांस, म्हणजे बाईसाहेबांच्या सासऱ्यांस, शेवटी शेवटी ऐकू येत नव्हते, तरी मंडळी त्यांजशी हळूच बोलत आणि उत्तर भलतेच आले की तेच बरोबर मानीत. ऐसा तो दरबार.

मग बाईसाहेबांनी परगावचा सौदागर बोलाविला. त्याजपाशी नव्या तऱ्हेच्या माश्या होत्या. त्यांत काचेच्या केसासारखा एक रंगीत तंतू बसविलेला, तो अंगभर दिवसाचा उजेड पिऊन टोकाशी दिव्यासारखा चमके, आणि तेल नको, वात नको, आभाळात उजेड आहे तोवर त्याचा उजेड आहे. बाईसाहेबांनी हात पुढे केला, तो दिवाण अंताजीपंत आडवे आले आणि अदबीने लवून बोलिले, "सरकारांनी इतक्या बारीक गोष्टीत मन घालू नये. आम्ही आहोत ना." बाईसाहेबांची सोबतीण मथुरा, लहानपणापासून त्यांजपाशी वाढलेली, ती खांबाआडून पुटपुटली की आहात हेच तर दुखणे आहे. परंतु शिरस्ता होता. निवडणे हे चाकराचे काम, धन्याने केवळ मान डोलवावी.

मग भर दुपारी चौकात गालिचा अंथरिला आणि बंदूक मखमलीवर ठेविली आणि मंडळी मानाप्रमाणे एकामागून एक वाकून पाहो लागली. खांद्यास कोणी लाविली नाही, कारण गादीसमोर बंदूक उचलणे बेअदबी. दिवाणांचे मत पडिले की माशी चांगली जाड, शेंदरी आणि उंच असावी, चौकाच्या पल्याडूनही दिसावी, राज्याचा दबदबा राहतो. जोत्याजीराव बोलिले की एकीने काय होते, मागल्या खाचेसही दोन्ही बाजूंस दोन हिरवे ठिपके हवेत. सौदागर भीत भीत सांगू लागला की हे ज्यांच्या डोळ्यांस लावावयाचे त्यांनी एकदा पाहिले असते तर, तो डोळे हा शब्द निघताच सर्वांनी त्याजकडे ऐसे पाहिले की गरिबाने पेटीच मिटली. मग दिवाणांचेही राहो आणि रावांचेही राहो म्हणून शेंदरी माशी आणि हिरवे ठिपके दोन्ही बसविले, आणि बंदूक पोळ्याच्या बैलासारखी सजली. बाईसाहेब इतकेच बोलिल्या की एकदा मडक्यावर गोळी झाडून पाहू. तो मंडळींनी कानांवर हात ठेविले. नव्याने सजविलेल्या शस्त्राची पहिली गोळी सावजावरच पडली पाहिजे, मडक्यावर झाडिली की शस्त्र बाटले, हा म्हणे त्या राज्याचा फार जुना नेम. फार जुना म्हणजे कोणाचा, हे कोणी कोणास विचारीत नाही. बाईसाहेबांनी मान डोलविली.

त्याच सांजेस स्वारी मळ्यात गेली, हाकारे सुटले आणि डुक्कर रताळ्यांच्या वेलांतून बाहेर पडिले. बाईसाहेबांनी बंदूक खांद्यास लाविली, तो डोळ्यापुढे दोन हिरवे ठिपके नाचू लागले, आणि त्यांच्यामध्ये तो शेंदरी गोळा इतका थोर की अर्धे डुक्कर त्याआड झाकिले. तरी त्यांनी अदमासाने गोळी झाडिली. आता माशी उंच बसविली की गोळी खाली बसते, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी नेम धरिला त्यास कळते. गालिच्यावर बसून कळत नाही. गोळी छातीऐवजी पुढल्या पायावर बसली. जनावर ऐसे ओरडले की हाकाऱ्यांनी तोंडे फिरविली, आणि तीन पायांवर उड्या घेत नदीच्या लव्हाळ्यांत शिरले. तेथेच गावच्या बायांचा पाणवठा. जखमी डुक्कर पाणवठ्याशी दबा धरून बसले म्हणजे काय, हे सांगणे नलगे.

दुसरे दिवशी सकाळी दरबार भरला तो पाणवठ्याचे काय करावे यासाठी नव्हे. गावात बाया रित्या घागरी घेऊन दारांत उभ्या, आणि येथे विचार चालला की बंदूक जोत्याजीरावांस कोणत्या मुहूर्तावर द्यावी. माशीविषयी चकार शब्द नाही. चूक माशीची म्हणावी तर निवडणारांवर येते, डोळ्यांची म्हणावी तर अपराध होतो, म्हणून मंडळींनी ग्रह वाईट होते ऐसे ठरविले. जोत्याजीराव मिशीतल्या मिशीत हसून बोलिले, "वहिनीसाहेब, आता विसावा घ्यावा. जपमाळ ओढावी. डुकराचे आम्ही पाहू."

"कधी पाहणार?" बाईसाहेबांनी विचारिले.

राव बोलिले की आधी बंदूक विधिपूर्वक हाती यावी, मग चांगला वार पाहून. तेव्हा बाईसाहेब गादीवरून उठल्या, आणि त्या राज्यात जे कधी कोणी बोलिले नव्हते ते बोलिल्या. "माझे डोळे म्हातारे झाले आहेत. लांबचे डुक्कर मला दिसते, हाताच्या टोकाशी असलेली माशी दिसत नाही. हे बोलायला मला लाज वाटत नाही. ऐकायला तुम्हांला वाटत असेल तर कान झाका. आणि जनावर निसटले कोण म्हणतो? माझ्या गोळीचे रक्त सांडीत ते नदीकाठी बसले आहे. ते पडेपर्यंत शिकार संपली नाही."

चवरी ढाळणाराचा हात थांबला. मग बाईसाहेबांनी सौदागरास बोलाविले, आणि मथुरेने परसातली मडकी आणून वाड्यामागच्या बांधावर मांडिली, आणि मंडळी पागोटी सावरीत मागे मागे आली, कारण न जावे तर काय जाहले ते कळत नाही. प्रथम त्याच शेंदरी माशीने मडक्याच्या पोटावर नेम धरून गोळी झाडिली, ती मडक्याखालच्या मातीत शिरली. बाईसाहेबांनी दिवाणांकडे पाहिले. दिवाण ढग पाहो लागले. मग बाईसाहेबांनी सौदागराची सारी पेटी उघडविली आणि एकेक माशी लावून, खांद्यास धरून, सावलीत उभे राहून पाहिली. तांबडी त्यांच्या डोळ्यास पसरट दिसे, जाडीआड मडके लपे, आणि फार बारीक घेतली तर दिसेच ना. शेवटी मध्यम अंगाची, ठेंगणी, हिरव्या तंतूची एक माशी पसंत पडली, आणि मागचे ठिपके काढवून तेथे साधी काळी खाच बसविली, कारण एका वेळी एकच उजेड पाहता येतो ऐसे त्या बोलिल्या. पहिली गोळी मडक्याच्या काठास चाटून गेली. मागली खाच जराशी खाली सरकविली, खटका ओढिला, आणि मडके फुटले. मग दुसरे, मग तिसरे. मथुरेने हातातले चौथे मडके पदराखाली झाकिले आणि बोलिली, "बाईसाहेब, हे दह्याचं आहे."

जोत्याजीरावांस हसू आले नाही. ते पुढे होऊन मोठ्याने बोलिले, "सर्वांनी पाहिले. गोळी मडक्यावर झाडली. ही बंदूक बाटली."

"बाटली ना?" बाईसाहेब शांतपणे खटका ओढून काडतूस काढीत बोलिल्या. "मग भाऊजी, ती तुम्हांला कशाला हवी?"

राव मिशीस पीळ देऊ लागले. बाटलेली बंदूक मागावी तर आपलाच नेम मोडतो, न मागावी तर गादी जाते. त्यांचा विचार संपण्याआधी बाईसाहेब मथुरेसह नदीवर पोहोचल्या.

सांज व्हावयाची होती, आभाळात थोडा उजेड होता. हाकारे नेले नाहीत, जखमी जनावरास आणखी छळू नये म्हणून. जनावरास माणसाचा वास जाऊ नये ऐसे वारा तोंडावर घेऊन बसून वाट पाहिली. डुक्कर पाण्यासाठी लव्हाळ्यांतून लंगडत बाहेर आले आणि आडवे उभे राहिले. काळ्या खाचेत हिरवा ठिपका भाताच्या कोंबासारखा उगवला, डुकराच्या खांद्यामागे टेकला, आणि एक गोळी झाडिली. जनावर गुडघ्यांवर बसले आणि तेथेच कलंडले. बाईसाहेब जवळ गेल्या. पुढला पाय सुजून दुप्पट जाहला होता, हाड बाहेर आले होते, माश्या बसत होत्या. त्या खाली बसल्या, त्याच्या कपाळावर हात ठेविला आणि बोलिल्या, "हा एक दिवस तुला माझ्यामुळे काढावा लागला." मथुरा सांगते की डुक्कर मारिल्याचा आनंद बाईसाहेबांच्या तोंडावर नव्हता, राग होता, आणि ऐसा राग तिने त्यांच्या सासरी आल्यापासून पाहिला नव्हता.

मग डुक्कर गाडीत घालून थेट दरबारी आणविले आणि त्याच गालिच्यावर ठेवविले. मंडळी जयजयकार करीत उठली. बाईसाहेबांनी हात वर करून तो थांबविला आणि आज्ञा केली की सर्वांनी मानाप्रमाणे एकामागून एक यावे आणि वाकून पुढला पाय पाहावा. प्रथम दिवाण. मग राव. नाकास शेला लावावयाची परवानगी नाही.

सारांश इतका. डुक्कर पडले, पाणवठा मोकळा जाहला, लेकुरवाळी वाचली परंतु अजून पाय ओढिते, आणि गादी जेथे होती तेथे राहिली. दरबारात मात्र आता सांगतात की ती हिरवी माशी अंताजीपंतांनी निवडिली, काय त्यांची नजर. खोटे आहे. बाईसाहेब स्वतः होऊन हे कोणास सांगावयाच्या नाहीत, म्हणून येथे सांगितले.