केंजळे वकील आणि तिसरा हिस्सा

केंजळे वकिलांना साधा चहा विचारला तरी ते सरळ 'हो' म्हणत नसत. "माझा कॉफीचा हक्क अबाधित ठेवून, चहा घेतो," असं म्हणत. श्रीखंड दुसऱ्यांदा वाढायला गेलं की ते ताटावर हात आडवा धरत, पण बोटं चांगली फाकलेली असत, आणि "निषेध नोंदवून स्वीकारतो" हे वाक्य पूर्ण होईपर्यंत वाटीभर श्रीखंड त्या फटींतून ताटात उतरलेलं असे.

डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉय गावात तेव्हा मराठी घरं थोडी होती आणि त्यातली बहुतेक मोटारींच्या धंद्याला बांधलेली. कुणी ब्रेक करायचा, कुणी बंपर. एक गृहस्थ तर कित्येक वर्षं फक्त दाराच्या कडीवर काम करत होते आणि त्याच विषयावर बोलत होते. अशा मंडळींच्या शनिवारच्या जेवणात एखादा वकील असणं ही चैनच होती. त्यामुळे बोलावणं सगळीकडून यायचं आणि वकीलसाहेब सगळीकडे जायचे, काळा कोट घालून. हा कोट ते किराणा आणायलाही घालत. एकदा दुकानात टोमॅटो निवडताना एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईंनी त्यांना अंत्यविधीवाला समजून आपल्या बहिणीच्या व्यवस्थेबद्दल विचारलं. वकीलसाहेबांनी शोक व्यक्त केला आणि मृत्युपत्र आहे का, हे विचारून घेतलं.

साताऱ्याच्या जिल्हा कोर्टात त्यांनी बावीस वर्षं वकिली केली होती. त्यांच्या पत्नी सुमनकाकू भूल देणाऱ्या डॉक्टर. त्यांना डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि पन्नाशीला टेकलेले वकीलसाहेब त्यांच्या मागोमाग आले. "हिनं मला भूल देऊन विमानात बसवलं, शुद्धीवर आलो तर बर्फ," असं ते सांगत. इथं वकिली करायची तर पुन्हा कॉलेजात बसावं लागणार होतं. आपल्या ज्युनियरहून लहान पोरांच्या बाकावर बसून कायदा शिकायला त्यांनी साफ नकार दिला. मग ते एका वकिलाच्या ऑफिसात कागद वाचायला लागले, आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते, कारण तो वकील मिस्टर ब्रॅनिगन होता.

ब्रॅनिगनची जाहिरात रात्रीच्या बातम्यांनंतर टीव्हीवर यायची. टेबलावर मूठ आपटून तो म्हणायचा, की तुम्ही पडलात, तुम्हाला गाडीनं ठोकलं, मला फोन करा. जिंकलो नाही तर एक पैसा घेणार नाही. जिंकलो तर किती घेणार, हे तो मूठ आपटत सांगत नसे. ते होतं भरपाईच्या एक तृतीयांश.

या तिसऱ्या हिश्श्यावर वकीलसाहेबांचा जितका राग होता तितका राग मी माणसाचा माणसावरही पाहिलेला नाही. मालकाचा उल्लेख ते "आमचे वाटेकरी" असाच करत. "आमच्याकडे अशिलाच्या मिळकतीत वाटा मागणाऱ्याची सनद जाते," ते सांगत. "फी म्हणजे फी. आधी ठरवायची, आधी घ्यायची. निकालाशी वकिलाचा संबंध नाही. तंगडी अशिलाची मोडली, आणि तिच्यातला गुडघ्याखालचा भाग वकिलाचा? मग हिनंही पेशंट शुद्धीवर आला की त्याच्या उरलेल्या आयुष्यातली तिसऱ्या हिश्श्याची वर्षं मागून घ्यावीत."

"पण वकीलसाहेब," मी एकदा म्हटलं, "ज्याच्याकडे आधी द्यायला पैसेच नाहीत त्यानं काय करायचं?"

"त्यावर मी माझं म्हणणं राखून ठेवतो," ते म्हणाले, आणि कोशिंबीर मागितली.

उलटतपासणी हा त्यांचा दुसरा शौक. बर्फीचे तुकडे कमी भरले म्हणून त्यांनी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला एकदा सोफ्यावर बसवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात किती वाजता गेलीस? एकटी होतीस? तिनं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि टीव्हीवर ऐकलेलं वाक्य टाकलं: "आय प्लीड द फिफ्थ." म्हणजे घटनेनं मला गप्प बसायचा हक्क दिलाय. वकीलसाहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी तिच्याशी हात मिळवला.

असं सगळं मजेत चाललेलं असताना सिंधूमावशी पडल्या.

सिंधूमावशी म्हणजे आमच्या शरद गोडबोलेची आई. वाईहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. एका सुपरमार्केटात शेल्फांच्या गल्लीत काकडीच्या लोणच्याची बरणी फुटली होती आणि ते पाणी कुणी पुसलं नव्हतं. मावशींचा पाय त्यावरून सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. "आणि त्याला हे लोक लोणचं म्हणतात," त्या हॉस्पिटलात मला म्हणाल्या. "नुसतं खारं पाणी. लोणच्यावरून तरी पडले असते." त्यांचा विमा नव्हता. ऑपरेशनचं बिल आलं तेव्हा शरदनं घरासाठी जमवलेलं सगळं त्यात जाणार हे उघड झालं. मावशींचं लोणच्यावरचं बोलणंही मग थांबलं. पोराचं घर आपण पायाखाली घातलं, हेच त्यांच्या मनानं घेतलं.

शरद वकीलसाहेबांकडे गेला. वकीलसाहेबांनी त्याला तत्त्वाला धरून तासावर फी घेणाऱ्या एका प्रतिष्ठित वकिलाचा नंबर दिला. त्या वकिलानं दर सांगितला तेव्हा शरदनं हा महिन्याचा ना, असं विचारलं. एवढ्यावर तो फोन संपला. मग वकीलसाहेबच त्याला ब्रॅनिगनकडे घेऊन गेले. वाटेत एक अक्षर बोलले नाहीत, असं शरद म्हणाला.

ब्रॅनिगननं सुपरमार्केटावर दावा लावला. पुढे दुकानाच्या वकिलासमोर मावशींची शपथेवर जबानी व्हायची होती. दुभाषी हवा होता आणि सगळ्या मिशिगनमध्ये मराठीचा अधिकृत दुभाषी सापडेना, म्हणून दोन्ही बाजूंनी केंजळ्यांवर समाधान मानलं. त्या दिवसापासून वकीलसाहेब रोज संध्याकाळी शरदकडे जाऊ लागले. साक्षीदार तयार करायला, असं ते म्हणत. तयारी म्हणजे मावशी वॉकर धरून ओट्याशी उभ्या राहून थालीपीठ लावत आणि वकीलसाहेब टेबलाशी बसून साताऱ्यातलं कुठलं दुकान अजून चालू आहे ते विचारत. सुमनकाकूंची तेव्हा रात्रपाळी असायची. खटल्याबद्दल वकीलसाहेबांनी मावशींना एकच सांगितलं होतं: विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. ब्रॅनिगननं बरंच काही सांगितलं होतं. त्याचा सारांश, काहीही कबूल करायचं नाही.

जबानीला मावशींना आणायला-न्यायला मी होतो, त्यामुळे मला कोपऱ्यात बसता आलं. दुकानाचा वकील पांढऱ्या केसांचा, हळू बोलणारा, शेजारच्या काकांसारखा माणूस होता. नाव, गाव झाल्यावर त्यानं अगदी सहज विचारलं, की तुमच्या मते हा अपघात कुणाच्या चुकीमुळे झाला?

मावशींनी पदर सारखा केला. "कुणाची कशाला?" त्या म्हणाल्या. "माझंच मेलीचं लक्ष नव्हतं."

आता हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या बायकांच्या हातून कपबशी फुटली, दूध उतू गेलं, कुणी दुसऱ्यानंच धक्का दिला, तरी त्या हेच म्हणतात. एखादीच्या डोक्यावर कौल पडलं तरी ती आधी कौलाची माफी मागेल. पण हे त्या खोलीत मला ठाऊक होतं, शरदला ठाऊक होतं आणि वकीलसाहेबांना ठाऊक होतं. इंग्रजीत जाताना त्याचा कबुलीजबाब होणार होता. 'ठाऊक नाही' एवढं म्हटलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. शरदनं वकीलसाहेबांकडे पाहिलं. ब्रॅनिगनला मराठी कळत नव्हती, पण शरदचा चेहरा कळला.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला आणि शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितलं, की चूक माझीच, मी मेलेल्या बाईनं लक्ष दिलं नाही. जबानी टिपून घेणाऱ्या टंकलेखक बाईंची बोटं थांबली. मेलेल्या, हे पुन्हा सांगाल का, त्यांनी विचारलं. वकीलसाहेबांनी पुन्हा सांगितलं.

ब्रॅनिगननं पाच मिनिटांची सुट्टी मागितली आणि त्यांना बाहेर नेलं. दार नीट लागत नव्हतं, म्हणून आम्हाला ऐकू आलं. तुझा पगार कोण देतं केंजळे, असं तो विचारत होता.

"तुम्ही देता," वकीलसाहेब म्हणाले. "महिन्याचा देता. निकालाचा नाही. म्हणूनच मला ते जसंच्या तसं सांगता आलं."

ते आत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मावशींना काय बिघडलं ते कळलं नव्हतं, पण बिघडलं एवढं कळलं होतं. पांढऱ्या केसांच्या वकिलाला मात्र मासा गळाला लागलेला दिसत होता. तो आणखी थोडी दोरी ओढायला गेला. लक्ष नव्हतं म्हणता, मग लक्ष होतं तरी कुठे?

"त्या पिवळ्या बोर्डाकडे," मावशी म्हणाल्या. "ओली फरशी म्हणून ठेवतात ना, तो. पलीकडच्या गल्लीत ठेवला होता. मला इंग्रजी येत नाही, पण घसरून पडणाऱ्या माणसाचं चित्र कळतं. मी म्हटलं, तिकडे नको बाई, आपण इकडून जाऊ. बोर्ड बघत बघत वळले आणि पडले. पायाखाली बघायला हवं होतं."

वकीलसाहेबांनी हेही शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. यावेळी त्यांचा आवाज जरा वर चढला होता, पण शब्द एकही जास्त नव्हता. दुकानानं बोर्ड चुकीच्या गल्लीत मांडला होता, ही गोष्ट तोवर शरदला माहीत नव्हती, ब्रॅनिगनला माहीत नव्हती. ब्रॅनिगननं मावशींना काय बोलायचं नाही ते शिकवलं होतं. काय झालं ते कुणी विचारलंच नव्हतं. पांढऱ्या केसांच्या वकिलानं चष्मा काढून पुसला आणि आपले आजचे प्रश्न संपले असं जाहीर केलं.

पुढच्याच महिन्यात तडजोड झाली. ब्रॅनिगनचा तिसरा हिस्सा जाऊन हॉस्पिटलचं बिल भागलं आणि शरदचं घर वाचलं. ब्रॅनिगन इतका खूश झाला की त्यानं वकीलसाहेबांपुढे एक जाड पाकीट धरलं. त्यांनी ते दोन बोटांनी परत सरकवलं.

त्या शनिवारी शरदकडे जेवण होतं. मावशींनी सरळ विचारलं, "त्या गोऱ्यानं केलं काय? नुसता बसला होता. त्याला तिसरा हिस्सा, आणि बोललात तुम्ही, तर तुम्हाला काही नाही?"

आता तंगडीचं भाषण येणार म्हणून आम्ही सरसावून बसलो. वकीलसाहेब ताटातल्या मिठाशी बोट फिरवत राहिले.

"हरला असता तर त्याला काही मिळालं नसतं, सिंधूताई," ते म्हणाले. "मी साताऱ्यात कितीतरी खटले हरलो. फी कधी परत केली नाही. हरलो त्या दिवशीसुद्धा जेवायला वेळेवर घरी."

मग आपणहूनच पुढे म्हणाले, "गुऱ्हाळावरच्या एका माणसाचा हात चरकात गेला होता. माझ्याकडे आला. फी द्यायला काही नव्हतं. म्हणाला, साहेब, मिळेल त्यातलं निम्मं तुमचं. मी त्याला खडसावलं आणि जिना उतरायला लावला. वकिली विकायला बसलो नाही म्हटलं. आठवडाभर कोर्टाच्या बाररूममध्ये अभिमानानं सांगत होतो. पुढे त्याचा खटला कुणीच चालवला नाही."

"म्हणून आमचे वाटेकरी बरोबर आहेत असं मी म्हणत नाही," ते घाईनं म्हणाले. शरदच्या बायकोनं भात वाढला. त्यांनी मुकाट्यानं घेतला.

मावशी परत जाताना वकीलसाहेबांच्या फीसाठी अडून बसल्या. शेवटी ते म्हणाले, साताऱ्याला तुमच्या बहिणीकडे जालच, तर कोर्टासमोर सोडावॉटरवाल्याच्या माडीवर जिन्यात माझ्या नावाची पाटी आहे. जागा सोडली, पण पाटी काढायला हात झाला नाही. आहे का, तेवढं बघा. तीच फी.

नंतर एका रविवारी मी शरदकडे होतो. बाहेर बर्फ पडत होता. शरदनं वाईला फोन लावला होता. अमेरिका लांब आहे म्हणून मावशी फोनवर ओरडून बोलत आणि त्यांचा आवाज रिसिव्हरबाहेर खोलीभर पसरे. "अरे, ती माडीच पाडली रे," मावशी सांगत होत्या. "तिथं लॉज झालंय. त्यांना कसं सांगू?" शरदनं घाईघाईनं रिसिव्हरवर हात ठेवला. दारात वकीलसाहेब एक बूट हातात घेऊन उभे होते. ते कधी आले ते आम्हाला कळलं नव्हतं.

ते एका पायात बूट तसाच ठेवून आत आले आणि त्यांनी हात पुढे केला. "वकीलसाहेब आलेत," एवढंच सांगून शरदनं फोन दिला.

"वकीलसाहेब का?" मावशींचा आवाज आला. "आहे हो तुमची पाटी. बघून आले."

"अक्षरं दिसतात?"

"लख्ख दिसतात. जरा धूळ होती, मी पदरानं पुसली."

"आभारी आहे, सिंधूताई," वकीलसाहेब म्हणाले. पायाला जपा म्हणाले, थंडीत फार हिंडू नका म्हणाले, आणि फोन शरदकडे दिला. शरदनं बोलणं उरकून फोन ठेवला. त्याला राहवेना. "वकीलसाहेब, आई जे म्हणाली ते..."

त्यांनी हात वर केला.

"आपल्या बाजूच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येत नाही, शरदराव," ते म्हणाले. मग दाराशी जाऊन दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला खाली वाकले, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.