अंबुजाबाईंचं तय्यल

अंबुजाबाई कधी हसत नसत. कुणी गंमत सांगायला लागलं की "पोदुम्, पोदुम्", म्हणजे पुरे पुरे, म्हणत त्या तरातरा घरात निघून जात. आम्ही पुण्याहून मद्रासला बदलून आलो तेव्हा शेजार मराठी म्हणून मी हरखले. पण तो पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेला, जुन्या वळणाची मराठी बोलणारा तंजावरकडचा निघाला आणि माझ्या एकाही विनोदाला दाद देईना. मला वाटलं, बाईंना माझी मराठीच कळत नसावी.

बाकी तऱ्हा काय कमी होत्या? मिरच्यांचा ठसका उठला की चुलीवरची फोडणी सोडून अंगणात धाव. टी. नगरच्या बाजारात निघायचं तर वाटेत ओळखीची घरं कुठे कुठे आहेत, ते आधी पाहून ठेवायचं. मी म्हणे, काय माणसांची हौस आहे बाईंना!

नवरा रामाराव मात्र गप्पिष्ट. गिंडीच्या कारखान्यातल्या गमती आमच्या ओट्यावर रंगवून सांगत आणि स्वतःच्या घरी तोंडाला कुलूप. "आमच्या घरांत हसणें चालत नाहीं," म्हणत.

एकदा बाई म्हणाल्या, "सोमवारीं एग्मोरला जातें. तय्यल घालायचें आहे."

तय्यल म्हणजे शिवण, एवढं तमिळ मला येत होतं. मी लगबगीने पोलक्याचं कापड आणि मापाचं जुनं पोलकं त्यांच्या हाती दिलं. गळा जरा मोठा ठेवायला सांगा, म्हटलं.

बाईंनी मला आत नेऊन दार लावलं. तय्यल कापडाचं नव्हतं, त्यांचंच होतं. धाकट्या मुलीच्या जन्मापासून हसलं, खोकलं, शिंकलं की त्यांना लघवी होऊन जाई. व्यायाम करून पाहिला, पुरता गुण नाही. एग्मोरच्या बायकांच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या होत्या. खालून टाके घालून सैल जागा आवळायची. हे सोपं, पण पुढेमागे पुन्हा सैल पडायची भीती. नाहीतर पोटावरून कापून मूत्राशयाची मान वर उचलायची आणि पुढच्या हाडाच्या मागे टाक्यांनी धरून ठेवायची. यात अंथरूण जास्त दिवस. बाईंनी पोटावरचं निवडलं.

"उसवेल तें तय्यल कशाला?" म्हणाल्या.

रामारावांना ठाऊक आहे का, मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. लाज वाटत होती.

"त्यांस वाटतें, मज त्यांचें बोलणें आवडत नाहीं. फार हसूं येतें, म्हणून तर उठून जातें मी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जायच्या आधी सगळं सांगून टाका त्यांना, असं मी निक्षून बजावलं. त्यांनी सांगितलं असावं, कारण सोमवारी रामाराव त्यांची पिशवी स्वतः धरून रिक्षात बसले.

जखम भरली, डॉक्टरीणबाईंनी मोकळीक दिली, तेव्हा त्यांनी मला कॉफीला बोलावलं. कारखान्यातलं काहीतरी सांगा, असं बाईंनीच नवऱ्याला म्हटलं. रामाराव नव्या नवऱ्यासारखे लाजले. फोरमनची गोष्ट त्यांनी शेवटाकडून सुरू केली, मधलं विसरले आणि सगळा विचका केला. बाई मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

मग एकदम थबकल्या. अंगाचा अंदाज घेतल्यासारख्या क्षणभर बसून राहिल्या. आणि नवऱ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "अजून एक सांगा."