भोपळी हत्तिणीचे आणि अठरा हातांच्या विजेरीचे वर्तमान

गजाननाचे सोंडेस नमन असो, ज्या सोंडेने भर अंधारातही कधी मोदक चुकविला नाही. शके सतराशे तेरा, विरोधीकृत नाम संवत्सर, चैत्र मास, ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

राज्यावर बाईसाहेब होत्या. न्यायास चोख, बोलावयास थोड्या. त्यांचे पदरी हत्ती एकवीस आणि हत्तीखान्यात सुभानजी माहूत म्हणोन मनुष्य, वय साठीचे, आवाज मऊ, आणि सारा जन्म हत्तीचे मानेवर गेला म्हणोन पाय कमानीसारखे वाकलेले. त्याचे हाताखाली भोपळी नामे चार वर्षांची छावी होती. तिची आई ती जन्मली त्याच दिवशी गेली, आणि सुभानजीने वेळूचे नळीने दूध पाजून तिला वाढविले, म्हणोन ती दुसऱ्या कोणाचे ऐकत नसे. दुसऱ्या कोणी "चल" म्हटले तर ती बसे, आणि "बस" म्हटले तर ती त्याचे पागोटे खाई.

आता हत्तीखान्यापासून नदी पाचशे पावले. वरचा रस्ता फरसबंदी, चैत्रात दगड तव्यासारखे तापत आणि छाव्यांचे तळवे भाजत. म्हणोन पूर्वीचे राजांनी जमिनीखालून भुयार खोदविले होते, गार आणि काळेकुट्ट. त्याचे मध्यावर उजवे अंगास एक जुनी विहीर, तीवर सागाच्या फळ्या टाकलेल्या, आणि डावे अंगास चालावयाची वाट, एक छावा जाईल इतकीच, वळेल इतकी नव्हे. चाल ऐसी की माहुताने उजेड घेऊन पुढे चालावे आणि छाव्याने त्याचे खांद्यावर सोंड ठेवून मागे यावे. बाकीचे छावे मशालीमागे येत. भोपळी मात्र आगीस भिई. मशाल दिसली की ती मागे सरे, आणि अंघोळीवाचून तिचे कातडे भेगाळून गेले. मग सुभानजीने बाईसाहेबांस अर्ज केला की, "सरकार, जाळ नाही, धूर नाही, ऐसा उजेड असल्यास द्यावा. कळ दाबली की लागला, पुन्हा दाबली की गेला. आणखी काही नको." बाईसाहेबांनी अर्ज मान्य केला आणि अंताशेट तांबटास हुकूम जाहला.

अंताशेट हुन्नरी माणूस. त्याने आठ दिवसांत पितळेची वीतभर नळी केली, आत विजेचे मसाल्याच्या दोन कांड्या घातल्या, तोंडास भिंग, पाठीस एक कळ, आणि तीस विजेरी नाव दिले. सुभानजीने कळ चाळीस वेळा दाबून पाहिली. चाळीसही वेळा उजेड आला आणि गेला. तो लहान मुलासारखा हसला आणि म्हणाला, "अंताशेट, झाले! हीच!" अंताशेट मान खाली घालून म्हणाला, "सुभानबा, अजून झाली नाही. अजून हातलावणी आहे."

हातलावणी म्हणजे काय, ते ऐकावे. या राज्यात कारखाने अठरा, आणि सरकारात जी नवी वस्तू दाखल होईल तीत अठराही कारखान्यांनी आपले काहीतरी घालावे, ऐसी चाल होती. मागे कधी एक पालखी एका कारखान्यास न विचारता केली, तेव्हा तेथील दारोगा तीन दिवस जेवला नाही. त्याचे मनास फार लागले होते. मग कोणाचेच मन दुखवू नये म्हणोन ही चाल पडली. हेतू चांगला. परंतु अठरा माणसांनी एका आमटीत आपापल्या हाताने मीठ घातले तर आमटीचे काय होते, हे ज्याने त्याने समजून घ्यावे.

विजेरी प्रथम तोफखान्यात गेली. तेथील दारोगा म्हणाले, "उजेड नुसता उभा काय राहतो? शत्रूचे डोळे दिपले पाहिजेत." आणि त्यांनी तीत झपझप घातली, म्हणजे उजेडाने एका दमात दहा वेळा लागावे आणि विझावे. मग नगारखान्याचे नाईकांनी झपझपीस नाद नाही म्हणोन आत चिमणा नगारा बसविला. मग शस्त्रागाराने तोंडाभोवती पितळी काट्यांचा मुकुट लावला, की प्रसंगी शत्रूचे टाळक्यात हाणता यावे. डाकखान्याने तीन आखूड आणि तीन लांब ऐसे लुकलुकणे घातले, की समुद्रात बुडताना उपयोगी पडेल. समुद्र त्या राज्यापासून दीडशे कोस. खजिन्याने म्हटले की भलत्याने लावू नये, म्हणोन आधी कळ चार वेळा झटपट दाबावी, तेव्हा कुलूप निघेल. रंगमहालाने तांबडा, हिरवा आणि निळा दिला. शिकारखान्याने मान लांब करण्याची सोय दिली, मुदपाकखान्याने बुडाशी नारळ खवण्याची पाती बसविली, आणि दफ्तरखान्याने ऐसी कळ केली की काल विजेरी जेथे विझविली तेथूनच आज ती लागावी, कारण जुने विसरू नये. बाकीच्यांचे किती सांगावे! तांबटाचे वीतभर नळीचे हातभर दांडके जाहले, आणि वजन वरवंट्याचे.

अंताशेटने ती आणून सुभानजीस दिली आणि म्हणाला, "सुभानबा, नीट ध्यानात ठेवा. चार वेळा झटपट, म्हणजे कुलूप निघते. मग एकदा लांब, म्हणजे मंद. मग एकदा आखूड, म्हणजे तांबडा."

"आणि मला नुसता उजेड हवा असला तर?"

"तो तिसऱ्या मजल्यावर आहे."

"बरे. आणि विझवायची कशी?"

अंताशेटने घाम पुसला. "विझवायला झपझपीतून आणि नगाऱ्यातून खाली उतरावे लागते. दुसरा जिना नाही."

सुभानजी म्हणाला, "अरे, घर बांधले आहेस की विजेरी?"

मग पंचमीस सकाळी पहिला प्रयोग नेमिला. भुयाराचे तोंडाशी बाईसाहेब आल्या, आणि आपण घातलेले कामास येताना पाहावे म्हणोन अठरा कारखान्यांचे अठरा मानकरी आले, पानसुपारी जाहली, आणि सुभानजीने चार वेळा झटपट, एकदा लांब, दोनदा आखूड ऐसी कळ दाबून तिसरा मजला गाठला. शुभ्र उजेड पडला. भोपळीने त्याचे खांद्यावर सोंड ठेवली आणि दोघे आत गेले. अडीचशे पावले उत्तम गेली. भोपळी कान हलवीत होती आणि सुभानजी तिला सांगत होता, "आता नदी आली हो बाई, आता डुंबायचे." इतक्यात विहिरीपाशी विजेरीचे मुकुटाचा काटा त्याचे शेल्यात अडकला, तो सोडवावयास त्याने हात फिरविला, हात कळीवर पडला आणि झपझप सुरू जाहली. भिंती नाचू लागल्या, दगड उड्या मारू लागले, आणि वर नगारा! भोपळीने किंकाळी फोडली आणि मागे रेटा दिला, आणि मागचा उजवा पाय फळी मोडून विहिरीचे तोंडात गेला. ती कमरेपर्यंत अडकली. बाकीच्या फळ्या कुरकुरू लागल्या. खाली पाणी बारा पुरुष खोल.

सुभानजीने आवाज मऊच ठेविला. विजेरी विझेना, एकदा दाबली तो निळा, पुन्हा दाबली तो बुडत्याची हाक. मग त्याने पागोटे सोडून तीस गुंडाळले आणि वर बसला. उजेड दबला. नगारा खाली वाजतच होता. तो अंधारात म्हणाला, "भोपळे, माझ्या बाई, पाय हलवू नको. मी आहे ना येथे." तिने सोंडेने त्याचे अंग चाचपले आणि अंगरखा घट्ट धरला. उजेडावाचून आणि माणसांवाचून पाय निघणार नाही हे त्यास ठाऊक, आणि सोडून जावे तर ती धडपडणार हेही ठाऊक. मग त्याने अंगातून अंगरखा काढला आणि तिचे सोंडेत तसाच ठेविला, की आपला वास तिजपाशी राहावा. आणि उघड्या अंगाने, वाजते पागोटे काखेत घेऊन, भिंत धरधरून तो बाहेर आला.

मानकऱ्यांपैकी कोणी हसले. बाईसाहेब हसल्या नाहीत. सुभानजी म्हणाला, "सरकार, छावीचा पाय विहिरीत गेला. चार गडी, दोर आणि जाड फळ्या द्याव्या. आणि उजेड द्यावा, पण एकच, गप्प उभा राहणारा. मशाल नेली तर ती उसळेल, आणि मग फळ्या राहणार नाहीत."

बाईसाहेबांनी गडी आणि दोर आणविले आणि अंताशेटकडे पाहिले. "जे घातले ते काढता येते?"

"घटकेत येते सरकार. पण..." आणि त्याने मानकऱ्यांकडे पाहिले.

मग सगळे एकदम बोलू लागले. तोफखान्याचे दारोगा म्हणाले, "नगारा काढावा, तो खराच त्रासाचा. झपझप राहू द्या, शत्रूसाठी आहे." नाईक म्हणाले, "शत्रू कुठे आहे हो दारोगासाहेब? आत हत्तीण आहे! झपझप काढा, म्हणजे नगारा आपोआप गप्प बसेल. चार पिढ्यांचा मान आहे आमचा." मुदपाकखान्याचे म्हणाले, "पातीने कोणाचे काय बिघडले?" दफ्तरदारपंत चष्मा सावरून म्हणाले, "काढावयाचे तर अठरांची संमती लागेल. आणि संमतीचा मसुदा अजून कोणी केलेला नाही." तोच भुयारातून फळी तडकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक बारीक हाक, जशी मूल झोपेत आईस मारते.

सुभानजी रागावला असता तर कोणी त्यास दोष दिला नसता. परंतु ज्याने हत्ती शिकविले त्यास ठाऊक असते की ओरडून कोणी काही शिकत नाही. त्याने विजेरी दोन्ही हातांनी दारोगांपुढे धरली आणि म्हणाला, "साहेब, झपझपीची चाल आपणास ठाऊक. आपण पुढे व्हा, मी दोर घेऊन मागून येतो." मानकऱ्यांदेखत नाही कसे म्हणावे? दारोगा मिशी पिळून झपझप घेऊन आत गेले. दहा पावलांवर भिंत चार ठिकाणी दिसू लागली. त्यांतली खरी नेमकी नाकावर आली. ते डोळे मिटूनच परत आले आणि अंताशेटास म्हणाले, "काढ रे बाबा ती." नाईकांनी त्यांचे नाक पाहिले आणि म्हणाले, "माझाही काढ." मग शस्त्रागार, मग डाकखाना, मग खजिना, आणि पंत म्हणाले, "मसुदा मागाहून करू. माणूस आत वाट पाहते आहे." छावीस माणूस म्हटले हे त्यांचे ध्यानीही आले नाही.

अंताशेट मांडी घालून बसला. हत्यारे काढली, आणि झपझप, नगारा, मुकुट, पाती ऐसे एकेक काढून त्याने शेल्यावर टाकिले, आणि विजेरी होती तशी वीतभर जाहली. सुभानजीने कळ दाबली. उजेड आला आणि उभा राहिला.

मग तो गड्यांसह आत गेला. भोपळी अंगरखा तोंडाशी धरून थरथरत होती. त्याने उजेड आधी आपले तोंडावर पाडिला, की कोण आले ते तिने पाहावे. मग भुईवर पाडिला, की पाय कोठे ठेवावयाचा तेही पाहावे. गड्यांनी फळ्या सरकविल्या, पोटाखालून दोर घेतला, सुभानजी म्हणाला, "आता उचल बाई," आणि तिने पाय उचलला. सालपट निघाले होते, हाड शाबूत. मग सोंड खांद्यावर, उजेड पुढे, आणि उरलेली अडीचशे पावले चालून ती नदीत उतरली. मानकरी वरच्या रस्त्याने पळत तेथे पोहोचले. भोपळीने पहिली सोंड पाण्याची भरली आणि ती नेमकी दफ्तरदारपंतांवर सोडली, आणि पंत चष्मा पुशीत म्हणाले, "पोचले."

बाईसाहेबांनी तेथेच नदीकाठी आज्ञा केली ती ऐसी: "हातलावणीची चाल मोडत नाही. परंतु ज्यास नव्या वस्तूत आपले काही घालावयाचे असेल, त्याने ती वस्तू ज्याची, त्याचेबरोबर आधी एक दिवस काम करावे. मग खुशाल घालावे."

त्या उपर विजेरीस हात लावावयास सतरा कारखान्यांतून कोणी आले नाही. एक पंत मात्र आले. धोतर खोचून दिवसभर सुभानजीचे मागे हिंडले, चारा ओढिला, लीद काढिली, भोपळीने त्यांचे पागोटे खाल्ले ते सोसले, आणि संध्याकाळी बहुत संकोचाने म्हणाले, "सुभानजी, छावीचा पाय चोळताना तुम्ही विजेरी दातांत धरता. तीस एक दोरी लावू का? मनगटात अडकविता येईल." सुभानजीने विचार करून म्हटले, "पंत, हे मला सुचले नव्हते."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. भोपळी रोज नदीस जाते, कातडे तकतकीत आहे. विजेरीस कळ एक, आणि दोरी एक. दोरी बहुत कामाची आहे.