बाबांच्या रविवारचं प्लॅनिंग

मी इंदूरच्या सांवेर रोडवरच्या कारखान्यात तीनशे कामगारांच्या शिफ्ट लावते. एका सासऱ्यांचं वेळापत्रक म्हणजे माझ्यापुढे किस खेत की मूली!

खुब्याच्या ऑपरेशनला दोन महिने झाले, तरी बाबा पलंग सोडायला तयार नव्हते. बंगळूरचे माझे मोठे दीर, पुष्करदादा, वैतागले. "रविवारी साडेआठला व्हिडिओ कॉल करतो. बाबा चालताना दिसले नाहीत तर मी त्यांना इकडे घेऊन येणार!" बाबांचं तोंड एवढंसं झालं. जुनी इंदूरचा आपला मोहल्ला सोडून ते कधी चार दिवस राहिलेले नाहीत हो!

मी कंबर कसली. सातला रक्त घ्यायला संहिता, आठला व्यायामाला मानस, नऊला नर्स खुशी. कुणाची कुणाशी टक्कर नाही!

रविवारी सातला कुणीच आलं नाही. आठला तिघंही एकदम दारात!

"अरे यार, वेळा वेगवेगळ्या दिल्या होत्या ना?"

"दीदी, बाबूजींनी काल फोन केला," खुशी म्हणाली. "बोले, आठ बजे सब नाश्ते पे आना."

बाबा वर मलाच विचारतात, "सूनबाई, पोहे झाले का?"

"पोहे? मी दलिया केलाय. तोही तुमच्यापुरता!"

"रविवारी घरी आलेल्यांना दलिया?" बाबा कडाडले. "मोघ्यांच्या घरून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही!"

आणि वॉकर ओढून ताडकन उठले की! पायांत चपला, निघाले नुक्कडवरच्या पोहेवाल्याकडे! मागे मानस, "बाबूजी, आधी टाच, टाच टेका!" त्याच्यामागे बीपीचं मशीन घेऊन खुशी. संहिता ओरडतेय, "जलेबी मत खाना! खाली पेट चाहिए!" सगळ्यांत मागे मी, आणि हातातला फोन वाजतोय. पळता पळताच उचलला आणि कॅमेरा बाबांकडे वळवला.

"बाबा चालतायत?" दादा ओरडलेच. "ऋजुता, जिंकलीस तू! राहू देत त्यांना इंदूरलाच."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाबा मात्र पोहेवाल्याला सांगत होते, "भिया, पाच प्लेट, शेव जास्त. तोवर दोन जलेबी दे." संहितानं कपाळाला हात लावला, सुई डब्यात ठेवली आणि स्वतःही एक जलेबी उचलली.

"तुझं ते वेळापत्रक पाठव बरं!" दादा म्हणाले. "आमच्या सोसायटीत असे आठ आजोबा अडून बसलेत."

मी बराच वेळ टाइप करत होते, पुसत होते. शेवटी एवढंच पाठवलं, "सगळ्यांना एकदम बोलवा. आणि घरात नाश्ता अजिबात करू नका!"