हार घातलेला चार्जिंग पॉइंट

नागपूरच्या मनीषनगरातील वनराई रेसिडेन्सीत राहणारे निवृत्त मुख्याध्यापक आनंदराव यांनी विजेवर चालणारी मोटार विकत घेतली, आणि ती स्वतःच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून चार्ज करण्याची परवानगी सोसायटीकडे मागितली. येथपर्यंत सर्व काही नियमाला धरून होते. पुढे जे घडले तेही नियमाला धरूनच होते, आणि मला संताप येतो तो नेमका याचाच.

गाडी हौसेची नव्हती. पत्नी प्रेमिलाबाईंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिससाठी त्यांना एक दिवसाआड प्रतापनगरच्या हॉस्पिटलात न्यावे लागे. परतताना त्यांच्या अंगात मान सावरण्याचेही त्राण नसे. अशा माणसाला मे महिन्याच्या दुपारी ऑटोत बसवून, गरम वारा खात, खड्ड्यांवर आपटत घरी आणणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळते. आनंदरावांनी दोन उन्हाळे ते केले आणि मग निवृत्तीची पुंजी मोडून गाडी घेतली. पहिल्या दिवशी प्रेमिलाबाई मागच्या सीटवर डोळे मिटून पडल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "काय जी, गाडी चालू काहून नाही करून राहिले?" गाडी तेव्हा छत्रपती चौक ओलांडत होती.

आता वनराई रेसिडेन्सीविषयी. ज्या झाडांवरून इमारतीचे नाव पडले ती झाडे पार्किंगसाठी तोडण्यात आली होती, त्यामुळे पार्किंगला येथे देवस्थानाचा दर्जा होता. अध्यक्ष चंपतराव हे एका सरकारी खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. खात्यात असताना अर्ज अडवण्यासाठी त्यांना वरून आदेश यावे लागत. सोसायटीत आल्यावर ते स्वयंपूर्ण झाले.

सर्वसाधारण सभा पार्किंगमध्येच भरली. तर्री-पोहे झाल्यावर विषय निघाला.

"सर, तुमच्या गाडीले आमचा काहीच विरोध नाही," चंपतराव म्हणाले. "पण तुमच्या जागेवर पाणी गळून राहिलं ना. पाण्यात करंट उतरला तर जिम्मेदारी कोणाची?"

"पाणी कुठलं?" आनंदरावांनी विचारले.

"कूलरचं."

कूलर चंपतरावांचाच होता. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर तो होळीपासून पावसाळ्यापर्यंत घरघरत असे, आणि त्याच्या गंजलेल्या टाकीतून बरोबर आनंदरावांच्या पार्किंगवर धार लागलेली असे. आनंदराव आयुष्यभर मुलांना उदाहरणे सोडवायला शिकवत आलेले, त्यांना उत्तर लगेच सापडले.

"मग तुमची टाकी बदलून घेऊ. खर्च मी करतो."

नागपुरात एकमेकांच्या पगाराविषयी बोललेले चालते, मुलांच्या मार्कांविषयी आणि सुनेच्या स्वभावाविषयी तर बोलावेच लागते. दुसऱ्याच्या कूलरविषयी मात्र कोणी बोलत नाही. अखेर कोषाध्यक्ष ताराचंद उठले.

"सर, एक सांगा. कूलर पहले आला का तुमची गाडी पहले आली?"

"कूलर."

"बस. मंग गाडीनं अ‍ॅडजस्ट करावं."

सगळ्यांनी हात वर केले. ठराव असा मंजूर झाला: कूलरचे पाणी गळत असल्यामुळे चार्जर धोकादायक आहे. कूलर धोकादायक नाही, कारण तेथे चार्जर नाही.

आनंदरावांनी दुसरा मार्ग काढला. दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या बाल्कनीतून भिंतीला धरून, पाइपमधून वायर खाली आणावी. यावर नोटीस आली की, दर्शनी भागावर वायर लावल्याने इमारतीचे सौंदर्य बाधित होते. त्या दर्शनी भागावर त्या दिवशी पुढील सौंदर्य होते: सगळ्यांचे कूलर, कूलरच्या ओल्या गवताचे काळपट ओघळ, वाळत घातलेल्या गोधड्या, आणि गेल्या नवरात्रातील दिव्यांच्या माळा. त्या माळांना रस्त्यावरच्या खांबावर आकडा टाकून वीज घेतली जात असे, पण तो श्रद्धेचा विषय असल्याने त्याची नोटीस निघत नसे.

मग वीज कार्यालय. तेथे सांगण्यात आले की सोसायटीचे ना-हरकत पत्र आणा. सोसायटीने सांगितले की वीज कार्यालयाचे सुरक्षितता पत्र आणा. दोघांनीही हे अत्यंत नम्रपणे सांगितले. खुर्चीत बसायलाही सांगितले. आपल्याकडे माणसाला परत पाठवायचे असले की आधी पाणी विचारतात.

प्रश्न तांत्रिक असल्याने चंपतरावांनी विद्युत वाहन अभ्यास समिती नेमली. समितीत ते स्वतः, ताराचंद आणि दोघांची कुटुंबे होती. विषयाचा प्रत्यक्ष अभ्यास करण्यासाठी समिती सोसायटीच्या निधीतून डिझेलच्या गाडीने चिखलदऱ्याला गेली. परतल्यावर अहवाल सादर झाला. समितीला संपूर्ण मुक्कामात कोणत्याही पॉइंटवर चार्जिंगची सोय आढळली नव्हती. थंड हवेच्या ठिकाणी ज्याची गरज पडत नाही, त्याची गरम हवेच्या ठिकाणी सक्ती का करावी, असा प्रश्न समितीने उपस्थित केला होता. सभेने टाळ्या वाजवल्या. भुट्टा कसा होता, हेही विचारले.

दरम्यान आनंदराव गाडी चार्ज करायला पार शहराबाहेर, वाडीला जात होते. घराजवळचा चार्जर 'लवकरच आपल्या सेवेत' होता. वाडीच्या पंपावर ट्रकांच्या मागे, गोदामांच्या धुळीत ते रांगेत बसत. कधी तेथली मशीन बंद असे, कधी अर्ध्यातच वीज जाई. आदल्या दिवशी गाडी चार्ज झाली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑटो. एका संध्याकाळी ते तसेच परत आले.

"तोंड पाडून काहून बसले जी?" प्रेमिलाबाईंनी विचारले.

"काही नाही. मशीन बंद होती."

"इकून टाका ते गाडी. मले ऑटोची सवय हाय."

"नाही इकत."

"माह्यासाठी लोकांच्या दारात किती उभे राहसान? तुमच्या हाताखालून एवढे पोरं शिकून गेले, अन् तुम्ही त्या चंपतरावाले हात जोडून राहिले. मले नाही पाहवत."

बायकोला ऑटोची सवय नव्हती, ऑटोतून आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते हे आनंदरावांना माहीत होते. त्यांनी चपला घातल्या आणि पुन्हा चंपतरावांचे दार वाजवायला खाली गेले.

अशात प्रभागात 'हरित सोसायटी' स्पर्धा जाहीर झाली. गुण मिळण्याच्या बाबींमध्ये झाडे, ओला कचरा, विद्युत वाहन आणि चार्जिंग सुविधा यांचा समावेश होता. झाडे तोडलेली होती, ओला कचरा शेजारच्या प्लॉटवर टाकला जात होता, तेव्हा उरलेल्या दोन बाबींवर भर देण्याचे ठरले. चंपतराव पहिल्यांदाच दुसऱ्या मजल्यावर चढून आले.

"सर, अभिनंदन! तुमच्या जागेवर चार्जिंग पॉइंट लावून राहिलो. कमिटीचा निर्णय हाय."

आनंदरावांनी त्यांना चहा पाजला. प्रेमिलाबाईंनी उठून स्वतः साखर घातली. त्या घरात त्या दिवशी खरोखर आनंद झाला, आणि तो आठवला की मला आजही लाज वाटते. चंपतरावांना वाटत नाही, म्हणून कोणाला तरी वाटायला हवी.

पॉइंट लागला. हिरव्या रंगाचा सुंदर खोका, त्यावर पान आणि विजेचे चिन्ह. चंपतरावांच्या कूलरला हिरवी जाळी गुंडाळण्यात आली. आनंदरावांनी खोका उघडून पाहिला.

"यात वायर नाही," ते म्हणाले.

"स्पर्धेत पॉइंट मांगला ना सर. वायर कुठं मांगली?" ताराचंद म्हणाले.

परीक्षक आले. आनंदरावांच्या गाडीला झेंडूचा हार घालून तिला खोक्यासमोर उभे करण्यात आले. परीक्षकांनी विचारले, "चालते ना?" चंपतराव म्हणाले, "एकदम चालते साहेब," आणि गाडीकडे बोट दाखवले. सगळ्यांचे फोटो निघाले. वनराई रेसिडेन्सीला पहिला क्रमांक मिळाला, आणि गाडीचा हार काढून खोक्याला घालण्यात आला. आता तरी वायर जोडू द्यावी, अशी विनंती आनंदरावांनी केली. चंपतरावांनी खोक्याला कुलूप लावले. "बक्षीस मिळालेल्या वस्तूत छेडछाड नाही करता येत सर," त्यांनी समजावले. "उद्या बक्षीस वापस मांगतीन."

सत्कार समारंभ मे महिन्यात, सकाळी, पार्किंगमध्येच झाला. प्रवेशद्वारापर्यंत मंडप पडला. प्रमुख पाहुणे म्हणून एक माजी नगरसेवक आले. दुपारी प्रेमिलाबाईंची डायलिसिसची वेळ होती. वाडीहून कशीबशी थोडी चार्ज करून आणलेली गाडी मंडपाच्या कडेला, बाहेर निघेल अशा बेताने लावलेली होती.

दीपप्रज्वलन होते न होते तोच लाइट गेली. वरचे सगळे कूलर, एसी आणि खालचे डीजेचे डब्बे एकाच वेळी चालू असल्याने रस्त्यावरच्या डीपीतून धूर निघाला होता. पाहुण्यांचा सदरा पाठीला चिकटला. मग ताराचंदांना आठवले की या गाडीतून वीज बाहेरही घेता येते. अभ्यास समितीने निदान एवढा अभ्यास केला होता.

"सर, सोसायटीच्या इज्जतीचा सवाल हाय," चंपतराव म्हणाले.

"दुपारी प्रेमिलाला न्यायचं आहे. तेवढीच बॅटरी आहे."

"पाच मिनिटाचं काम. अन् आता सगळ्यांसमोर माइकवरून सांगतो, उद्याच्या उद्या तुमच्या पॉइंटले वायर जोडून देतो. मंग तं झालं?"

आनंदरावांनी चाव्या दिल्या. वायर जोडली जाणार होती. माणूस एवढ्यावरही विश्वास ठेवतो.

गाडीतून एक लांब वायर निघाली आणि कूलरच्या पाण्याने झालेल्या डबक्यातून सरळ व्यासपीठाकडे गेली. पाण्यात करंट उतरण्याची भीती त्या दिवशी कोणालाही वाटली नाही. त्या वायरवर माइक, साउंडबॉक्स आणि पाहुण्यांसाठी दोन मोठे कूलर चालले. पाहुण्यांच्या सौभाग्यवतींना तरीही उकडत होते, म्हणून त्या गाडीतच एसी लावून बसल्या. पाहुणे पर्यावरणावर बोलले. पृथ्वी तापते आहे, असे त्यांनी गार वाऱ्यात उभे राहून सांगितले. चंपतराव त्यांच्याहून जास्त बोलले. वायरविषयीचे वाक्यही त्यांनी खरोखर माइकवरून म्हटले. भाषण अर्ध्यावर असताना माइक बंद पडला, कूलर थांबले आणि सौभाग्यवती गाडीतून बाहेर आल्या. गाडी संपली होती.

आनंदराव प्रेमिलाबाईंना धरून जिना उतरले. खाली डझनावारी पेट्रोलच्या गाड्या उभ्या होत्या, सगळ्या मंडपाच्या मागे.

"कोणी गाडी काढता का? हिची वेळ झाली आहे," आनंदरावांनी विचारले.

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. गाड्या काढायच्या तर मंडपाचे खांब काढावे लागणार होते, आणि जेवणाची पंगत त्याच मंडपात बसायची होती.

"ऑटो बोलावून देऊ का सर?" चंपतरावांनी अगदी आपुलकीने विचारले. "काकूले सवय हाय म्हणतात ऑटोची."

प्रेमिलाबाई भर दुपारी ऑटोतून गेल्या. वाटेतच त्यांची शुद्ध हरपली आणि हॉस्पिटलात पोहोचल्यावर डायलिसिसच्या आधी त्यांना आयसीयूत घ्यावे लागले. त्या बऱ्याच दिवसांनी बाहेर आल्या, त्यांची वाचा थोडी अडखळू लागली होती. सोसायटीने तातडीची सभा घेऊन त्यांच्या प्रकृतीसाठी सदिच्छा व्यक्त करणारा ठराव हात वर करून एकमताने मंजूर केला. वायरचे काय, असे आनंदरावांनी विचारले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की ते आश्वासन विषयपत्रिकेवर नव्हते.

आता ते दोघे वाडीला राहतात. एका गोदामामागच्या भाड्याच्या दोन खोल्या, दारासमोर दिवसभर ट्रक. घरमालकाने गाडी पाहून एवढेच विचारले, "इलेक्ट्रिक हाय का? मंग प्लगचा बोर्ड खिडकीपाशी काढून देतो." तेवढाच अर्ज आणि तेवढीच मंजुरी. प्रेमिलाबाई गाडीत बसल्या की आजही डोळे मिटतात, पण गाडी सुरू झाली का, असे आता विचारत नाहीत.

वनराई रेसिडेन्सीतील त्यांचा फ्लॅट विकायला काढला आहे. जाहिरातीत लिहिले आहे: पुरस्कारप्राप्त हरित सोसायटी, चार्जिंग पॉइंटसह. तुम्ही तो बघायला जाल. ही गोष्ट वाचताना तुम्ही चंपतरावांना मनातल्या मनात चार शिव्या घातल्या असतील, त्यामुळे जाताना तुम्हाला आपण वेगळे आहोत असे वाटेल. खोक्यावरचा सुकलेला हार पाहून तुम्ही सोसायटी पुढारलेली आहे म्हणाल. खोका उघडून पाहणार नाही, कारण तुमची गाडी पेट्रोलची आहे. दुसऱ्या मजल्यावर जाल, खिडकी उघडाल, खाली वाकून कोणाचे पार्किंग आहे ते बघणार नाही. आणि मग चंपतरावांना तुमचा पहिला आणि एकमेव प्रश्न विचाराल:

"इथं कूलर लावता येतो ना?"