नाग्याची मिशी

माणूस कितीही मोठा असो, बापू आधी त्याच्या मानेकडे बघत. माझ्या लग्नात सासऱ्यांशी ओळख करून दिली, तर नमस्कार बाजूलाच, हे म्हणाले, "मान झकास आहे. फुकट घालवलीत!" सासरे वैद्य होते. पुढे दोन वर्षं ते मला बापूंच्या प्रकृतीबद्दल खासगीत विचारत राहिले.

हे आमचे कल्याणचे शेजारी. आगगाडीच्या मालधक्क्यावर कारकून, अंगाने काडी, आणि वेड कुस्तीचं. कुठल्या जत्रेत कोणी कोणाला लोळवलं, सगळं तोंडपाठ. तेवढ्याने भागेना, म्हणून त्यांनी पहिलवानांचे पत्ते करायला घेतले. गंजिफा खेळतात तसे गोल. जुन्या धोतराचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वाळले की वाटी उपडी ठेवून गोल कापायचे, त्यावर पहिलवानाचं चित्र, खाली गाव आणि आवडता डाव. "आमच्याकडे धोतर दांडीवर टाकायची सोय नाही," काकू म्हणत. "सकाळी बघावं तर त्याचे आठ पहिलवान झालेले!"

त्यांच्या नादाने आळीतला शिंपी आणि सोनारही पत्ते करू लागले. दर रविवारी बापूंच्या ओटीवर अदलाबदल चाले. पत्त्याला पत्ता, आणि तोही स्वतःच्या हातचा, हा बापूंचा नियम. हरलेल्या पहिलवानाला कोणी नाक मुरडलं की खवळत. "पाठ लागली का? पाठ मातीला लागत नाही तोवर कुस्ती चालू!" हे ते सगळ्यालाच लावत. माझा भाचा परीक्षेत नापास झाला, "पाठ लागली का?" शिंप्याच्या मुलीचं लग्न मोडलं, "पाठ लागली का?" उत्तर ऐकायला मात्र कधी थांबायचे नाहीत.

दर महाशिवरात्रीला ते मला अंबरनाथच्या जत्रेला ओढून नेत. काखेत पिशवी, पिशवीत धुतलेला लंगोट. पन्नाशी उलटलेला माणूस, अहो! दिवसभर आखाड्याच्या कडेला उभं राहायचं, कुस्ती सोडून गर्दीचेच चेहरे बघायचे आणि लंगोट जसाच्या तसा घरी आणायचा. मी चिडवायचो, "काय बापू, यंदाही जोड मिळाली नाही वाटतं?" "मिळेल," म्हणायचे.

एका वर्षी जत्रेनंतरच्या रविवारी सोनाराने बापूंच्या पत्त्यांच्या डब्याच्या तळातून एक पत्ता काढला. नाग्या, खाडीकाठचा कोळी. "हा मला द्या. बदल्यात माझे बारा घ्या." बारा! बापूंनी पत्ता हिसकावला आणि उठून आत गेले. सोनार बिचारा कानकोंडा झाला. मला भयंकर राग आला. चार माणसांत ही काय वागायची रीत? जाब विचारायला मी मागोमाग गेलो.

बापू खिडकीशी बसले होते. बारीक कुंचल्याने नाग्याच्या मिशीत पांढरा रंग भरत होते.

"विशीतली गोष्ट," माझ्याकडे न बघताच म्हणाले. "अंबरनाथला आमची कुस्ती लागली. तेव्हा मलाही मान होती. दिवस मावळला तरी निकाल लागेना, शेवटी पंचांनी सोडवली. दुसऱ्याच आठवड्यात नाग्या गलबतावर खलाशी म्हणून गेला. जाताना म्हणाला, 'फुडच्या साली पुरी करू रं बापू. लंगोट धुवून ठेव.'"

"आणि ही मिशी?"

"दर वर्षी थोडी पिकवतो. तोही म्हातारा होत असेलच ना? जत्रेत समोर आला आणि मीच ओळखलं नाही, तर?"

तीस वर्षं झाली होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. तरी विचारलंच, "बापू, आता तो येईल असं वाटतं तुम्हाला?"

"पाठ लागली का?" बापू म्हणाले. आणि कुंचला तसाच हातात धरून, पहिल्यांदाच, उत्तरासाठी थांबले.

"नाही बापू," मी म्हटलं. "कुस्ती चालू आहे."